गोड बोलणाऱ्या मुलींचं कॉलेज

८ जून

पोचले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीला कडी नव्हती, म्हणून तावदानं मी आल्या आल्या दोरीने बांधून टाकली. दगडी जिने मधोमध झिजून खोलगट झालेत, इतक्या पिढ्या मुली इथून चढल्या-उतरल्या. कॉलेजने शंभरी कधीच ओलांडली आणि त्याची ख्याती एकच: इथल्या मुली फार गोड बोलतात. आई त्यावरच भाळली. माझी जीभ म्हणजे कात्री, आणि धाकटी भिंगरी माझ्याहून तिखट. पुढच्या महिन्यात तीही इथल्याच ज्युनियर वर्गात येणार. बाबा म्हणाले, आता घरात जरा शांतता नांदेल. मी म्हटलं, तुम्हालाच करमणार नाही बघा.

११ जून

इथला नियम कळला. नव्या मुलींनी पहिल्या सहामाहीत मेसमध्ये तोंड फक्त जेवायला उघडायचं. मीठ हवं तर बोट दाखवायचं! का, तर कॉलेज काढणाऱ्या बाईंना जेवताना बोललेलं खपत नसे. बाई जाऊन जमाना लोटला, तरी तसबिरीतून आमच्या ताटांवर डोळे वटारून आहेत. मला हसू आवरेना. सीनियर मुली मात्र हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर मी एकीला विचारलं, बोललं तर शिक्षा काय? ती म्हणाली, शिक्षाबिक्षा काही नाही गं. इतकं गोड म्हणाली की तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

१९ जून

आज डोकंच फिरलं माझं. वाढताना उकळत्या सूपचं भांडं शेजारच्या मुलीच्या हातावर कलंडलं. कातडी सोलून निघाली, आणि ती ओठ चावत बसून राहिली, डोळ्यांतून धारा. बाकीच्या मुली आपापल्या ताटात बघत होत्या! मी उठले आणि ओरडले की माणसं आहात की दगड, पाणी आणा! त्या हॉलमध्ये चमचा पडला तरी घुमतो. माझा आवाज छतापर्यंत गेला आणि परत आलाच नाही. तिला मीच नळाखाली नेलं.

रेक्टरबाईंनी बोलावलं. रागावतील म्हणून मी कंबर कसून गेले, तर त्यांनी शाबासकीच दिली. म्हणाल्या, दर वर्षी कोणी ना कोणी बोलतेच, आता तुझं सोपं होईल. काय सोपं होईल, असं विचारल्यावर नुसता पाठीवरून हात फिरवला. मी तो झटकला.

२३ जून

घसा बसलाय. डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे. वर्गात हजेरीला ओ दिली ती माझी मलाच ऐकू आली नाही. ओठ हलतात, बस्स.

दुपारी मेसवरून जात होते. आत कोणीतरी ओरडलं, माणसं आहात की दगड! माझा आवाज. दार ढकललं. टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, आणि कोणी नाही.

२७ जून

रोज ऐकते. तेच वाक्य, पण रोज थोडं मऊ. आज ते म्हणालं, जरा पाणी आणता का. कोणीतरी त्याला शिकवतंय! माशाचे काटे काढावेत तसा त्यातला राग काढतायत. माझा राग होता तो. रास्त राग होता. भाजलेली मुलगीसुद्धा आज मान फिरवून निघून गेली. मेल्या सगळ्या.

१ जुलै

आईचा मेसेज आला. काल फोनवर किती गोड बोललीस, बाबांना खरंच वाटेना.

मी फोन केलाच नाही. करणार कशी?

भिंगरीला सगळं लिहून कळवलं. येऊ नकोस, पाया पडते. चार शिव्याही घातल्या, म्हणजे मीच आहे हे पटेल.

२ जुलै

भिंगरीचं उत्तर. नुसती हसतेय. म्हणे, ताई, तूच तर फोनवर सांगितलंस, नव्या मुलींना घाबरवायची तिथली जुनी गंमत आहे. तू मुकी असल्याचं सोंग करणार, काहीबाही लिहून दाखवणार. मी नाही फसायची.

हरामखोर आवाज. माझ्याच तोंडची वाक्यं —

४ जुलै

घरी जायला निघाले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. म्हणाला, आत्ताच आतून तुम्हीच सांगितलंत ना, मला बाहेर सोडू नका म्हणून. त्याच्या छातीवर बुक्के मारले. तो हसला, आणि फाटकाला कुलूप लावून मोकळा झाला.

६ जुलै

आली. फाटकातच हात धरून तिला मागे ओढलं. ती खिदळत मलाच आत घेऊन आली. मेसमध्ये शेजारी बसलीय. मांडीवर वही धरून लिहितेय, तिला दाखवतेय. ती वाचते, डोळा मारते —

समोर एका मुलीचा चमचा वाजला. सीनियरने तिच्या बोटांवर पळी हाणली. पोर रडतेय. आवाज नाही.

भिंगरीचं हसू गेलं. कान लाल झालेत. मला ठाऊक आहे आता काय —

तोंडावर हात दाबला तिच्या. चावली मला —

उठली —

तुझंच बरोबर आहे भिंगरे, तरी नको. रस्त्यावर जाऊन ओरड, घरी जाऊन ओरड, इथे नको, भिंगरे, इथे न