गॅरेजमधले साठ पत्ते

प्रिय मनोहर,

तू गेल्यावर पत्रंबित्रं लिहायची नाहीत, असं ठरवलं होतं. पण काल विंटर टायर्स काढायला गॅरेजमध्ये गेले, तर टायरच्या पोकळीत बिस्किटांचा डबा! आत तुझ्या अक्षरातली वही आणि साठ पत्ते. राजा-राणीचे नव्हेत, लढाईच्या खेळाचे; सगळ्यांवर व्हॅम्पायर! आता गप्प कशी बसू?

लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी बजावलं होतं, "माझ्या घरात पत्ते चालणार नाहीत." कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पत्त्यांची भीती घातली होती ना! तू म्हणालास, "तू म्हणशील तसं." गॅरेज म्हणजे घर नव्हे, असा कायदा काढलास वाटतं?

आणि व्हॅम्पायरच का रे? हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं लोकांचं रक्त मी काढलं. रक्तपिपासू मात्र तू पाळलेस!

वहीत मॉलमधल्या एका दुकानाचं नाव होतं, जिथे हा खेळ चालतो. आज दुपारी गेले. दर शनिवारी तू मॉलमध्ये चालायला जायचास, नाही का? बर्फावर घसरायला नको म्हणून! परत आलास की तुझे बूट मी पुसून ठेवायचे.

तिथे तुझ्याशी खेळणारे डेरेक भेटले. पांढरी दाढी, रिटायर्ड बस ड्रायव्हर. "यू आर मॅनोज वाइफ? ही वॉज रूथलेस!" म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

मॅनो! रूथलेस! निर्दय! ज्याने वेटरला थंड सूपसुद्धा कधी परत न्यायला सांगितलं नाही, तो?

तिथल्या तुझ्याच खुर्चीत बसून वही वाचली. "स्वस्त, चपळ व्हॅम्पायर भरपूर. महागडे सरदार चारच. पहिल्या चालीपासून रक्त शोषायचं. समोरच्याचं जाईल तेवढा आपला जीव वाढतो. नुसता बचाव करणारा सावकाश हरतो."

सावकाश हरतो! हे लिहिणारा माणूस माझ्यासमोर बेचाळीस वर्षं बचावच करत बसला? पुण्याला परत जायचं नाही, हे मी ठरवलं. तू म्हणालास, "तू म्हणशील तसं." तुला जायचं होतं का रे? एकदा तरी टेबलावर हात आपटायचास! मी काय मोडले असते?

माझी जीभ तिखट, कबूल. पण ती तिखट म्हणून तू गप्प झालास, की तू गप्प म्हणून ती तिखट होत गेली? आता कोणाला विचारू? तुझी सगळी लढाई परक्यांना दिलीस. मला नुसता होकार.

आणि हो, वहीत सरदार चार, डब्यात सहा! डेरेक म्हणतात, महागडे म्हणून ते लवकर खेळता यायचे नाहीत, आणि तेच हातात अडकून तू हरायचास. मोह आवरला नाही ना? दोन काढून टाकलेत. त्यांच्या जागी दुकानातून दोन चपळ घेऊन घातलेत.

येत्या शनिवारी तुझ्या खुर्चीत मी बसणार आहे. सिस्टरांना वरून काय बघायचं ते बघू दे. नीट शिकून, तयारीनेच तिकडे येईन. तू पत्ते पिसून ठेव. आणि त्या दिवशी "तू म्हणशील तसं" म्हणालास, तर याद राख!

तुझ्याशी भांडायची राहून गेलेली,
शालिनी