गुडघ्यावरचं लुगडं

आई, तुला आणि तुझ्यासोबत अकोले तालुक्यातल्या खाचरांत वाकून भात लावणाऱ्या सगळ्या बायांना सांगायचं आहे. ज्या लुगड्यापायी तुम्हाला गावंढळ म्हणून हिणवलं, ते परत आलं आहे. पण तुमच्यासाठी नाही. आता ते शिवून मिळतं. काष्टा आयता, कंबरेला नाडी, जरीचा काठ घोट्यापर्यंत. पायजम्यासारखे पाय घालायचे, फोटो काढायचे, की काम झालं. मी सभांतून यावर कडाडून बोलते. कष्ट वगळून उरलेलं वस्त्र बाजार विकतो, असं म्हणते, आणि टाळ्या पडतात.

परवा राहुरीत माझी लेक कॉलेजच्या कार्यक्रमासाठी तसलंच घालून आरशापुढे उभी होती. "आजी अशीच दिसायची का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, तिचं गुडघ्याच्या वर असायचं, गाळ लागू नये म्हणून. मग मला तसंच नेसव, म्हणून ती हटूनच बसली. तुझी बाकीची लुगडी गोधड्यांत गेली. एक हिरवं मी पेटीत जपलं होतं. ते उलगडलं, आणि नऊ वार कापड हातात घेऊन उभी राहिले. पहिली गाठ कुठे मारायची, हेच मला ठाऊक नव्हतं. गुंडाळलं, सुटलं, पुन्हा गुंडाळलं. पोरगी हसली. "भाषणात तर लई सांगतेस," म्हणाली. मग माझं तोंड बघून हसू आवरलं तिनं, आणि शिवलेलंच घालून गेली.

ती गेल्यावर आपल्या घरापुढची ओटी आठवली. भातलावणीचे दिवस आहेत. तू कामावर निघण्याआधी काष्टा घालते आहेस आणि मी, नुकती दहावी झालेली, तुझं बघून परकरावर तुझं जुनं लुगडं गुंडाळते आहे. तू ते माझ्या हातातून ओढून घेतेस. "सोड ते. तुला गाळात उतरायचं न्हाई, मग हे नेसाया शिकून काय करती?" तुझा आवाज इतका चढलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही. त्याच आठवड्याच्या बाजारातून तू माझ्यासाठी निळं पाचवारी पातळ आणलंस. ते नेसवून मला कॉलेजच्या एसटीत बसवताना हळूच म्हणालीस, "काष्टा दिसला की लोकं कामालाच बोलवत्यात."

इतकी वर्षं मी बाजाराला दोष दिला. तो दोषी आहेच. पण आपल्या घरातलं लुगडं बाजारानं नाही, तू संपवलंस. माझ्यासाठी, जाणूनबुजून. हे मी कुठल्या सभेत सांगू? ते ओढून घेताना तुझ्या मनात काय होतं, ते विचारायलाही आता तू नाहीस.

तुझ्या जोडीनं भात लावणारी मावशी अजून गावात आहे, अजून तसंच नेसते. रविवारी लेकीला आणि ते हिरवं लुगडं घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे. हे पत्र त्याच्याच घडीत ठेवते; दुसरीकडे पाठवणार तरी कुठे? आणि एक कबूल करते. काष्टा घालायला शिकले तरी गाळात मी उतरणार नाही, तुझी नातही उतरणार नाही. तुझ्या मनासारखंच झालं आहे. म्हणून या वेळी तेवढं लुगडं माझ्या हातातून ओढून घेऊ नकोस.