कोशाच्या धाग्यातली पायरी

८ नोव्हें., लॅब
कोसा रेशीम हळू तापवलं की वितळण्याआधीच जळतं. फास्ट स्कॅनिंग कॅलोरिमीटरवर डोळ्याचं पातं लवतं तोवर तापतं, त्याला जळायला वेळच मिळत नाही. वितळतं. आणि वितळण्याच्या जरा आधी आलेखात एक बारीक पायरी दिसते. दुसऱ्या कुठल्या रेशमात नाही. मला सापडली. अख्खी पीएच.डी. तिच्यावर उभी आहे.
परिषदेत माझे गाइड सर म्हणाले, "माझ्या लक्षात आलं." मी मागे बसून टाळ्या वाजवल्या. वाजवाव्या लागतात.

१६ नोव्हें., आंधळगाव
मंडईच्या जत्रेसाठी घरी. बाबा ताण्याच्या उभ्या धाग्यांना ब्रशने तांदळाची खळ लावत होते. सहज विचारलं, लॅबसाठी मला दिला तो धागा कच्चाच होता ना?
"कच्चा कायले देईन? येवढ्या मोठ्या मशीनले देऊन राहिलो म्हणून मस्त खळ लावून देला."
विणकराच्या घरची मी, आणि "चांगला धागा द्या" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी चांगलाच दिला.

२० नोव्हें., लॅब
कच्चा धागा आणला, उकळून धुतला, कॅलोरिमीटरच्या चिपवर ठेवला. वितळतो छान. पायरी नाही. पुन्हा केलं. नाही. मग घरची खळ वाळवून तीच ठेवली.
पायरी आली.
वर्षभर भात मोजत होते मी.

२१ नोव्हें.
सरांना सांगितलं. पेपर स्वीकारला गेलाय, म्हणाले. "तुझं सॅम्पल, तुझी चूक. मी काही मागे घेणार नाही. तुझं नाव ठेवायचं की काढायचं, सोमवारी सांग. काढलंस तर थीसिसचं तूच बघ."
बरोबर होती तोवर पायरी त्यांची होती. निर्लज्ज माणूस.

२३ नोव्हें., रविवार, आंधळगाव
बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलंय. शेजारचे काका दारातूनच, "आपल्या कोशात कायतरी हाये म्हणते, दुसऱ्या रेशमात नाही?"
सांगायलाच आले होते मी. तोंड उघडलं तर बाबांनी धाग्याची नवी लडी हातात दिली.
"यावेळी दोनदा खळ मारली, बेटा. मशीनले काही कमी नको पडाले. अन् छापून येईन त्याच्यात माहं नाव राहीन का?"
राहील. माझ्या नावापुढे पूर्ण छापलंय, आडनावाच्या आधी. माझं काढलं की तेही जाईल.
"हो बाबा," म्हटलं. लडी बॅगेत ठेवली. सरांना अजून काही कळवलेलं नाही.