‘मावशी मारते’ ही नोंद खोडण्याबाबत

प्रति,
मा. बालकल्याण अधिकारी,
पाळणाघर परवाना विभाग,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : ‘मावशी मारते’ ही पंचनाम्यातील नोंद खोडण्याबाबत, जप्त केलेली छडी परत मिळण्याबाबत, आणि तक्रारदार बाईंकडून एक वाक्य बोलून घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची परवाना स्थगितीची नोटीस, जी मी घरात असताना बाहेरून दारावर चिकटवण्यात आली.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करते की, मी टपाल कार्यालयामागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांचे पाळणाघर चालवते. मुले मला मावशी म्हणतात, त्यांचे आईवडीलही मावशीच म्हणतात आणि आपल्या नोटिशीतही ‘उर्फ मावशी’ असे लिहिले आहे. जणू मी एखादी फरार टोळीवाली आहे. असो. नोटिशीप्रमाणे माझ्यावर आरोप असा की, माझ्याकडे ठेवलेल्या चार वर्षांच्या एका मुलीच्या गालावर मी चापट मारली, तिच्या गालावर बोटे उमटली, आणि एकूणच मी मुलांना मारते. याबाबत लेखी खुलासा मागितला आहे. तो पुढे देत आहे. लांबला असल्यास क्षमा असावी. मला यापूर्वी कधी खुलासा द्यावा लागला नव्हता, त्यामुळे किती लिहायचा असतो ते ठाऊक नाही.

१. आपले निरीक्षक साहेब तपासणीला आले तेव्हा मुले दुपारच्या झोपेतून नुकती उठली होती. साहेबांनी त्यांना भिंतीशी ओळीने बसवून विचारले, “मावशी मारते का रे?” सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी विचारले, “कधी मारते?” त्यावर आम्ही ज्याला ढब्बू म्हणतो तो मोठ्याने म्हणाला, “रात्री जेवताना!” बाकीच्यांनी त्याला दुजोरा दिला. एकीने “दिवा बंद केल्यावर पण” अशी पुरवणी जोडली. हे सगळे पंचनाम्यात साहेबांच्या सुवाच्य अक्षरात आहे. महोदय, माझे पाळणाघर अंधार पडायच्या आत बंद होते. रात्री ही मुले आपापल्या घरी आपापल्या आईवडिलांच्या शेजारी जेवत असतात. मला आजवर त्यांच्यापैकी कुणी रात्रीच्या जेवणाला बोलावलेले नाही. मग मी तिथे जाऊन मारते कशी, हा प्रश्न लिहिता लिहिता साहेबांना पडायला हरकत नव्हती.

२. त्याचे उत्तर मीच देते. मूल घास तोंडात धरून बसले की घरात म्हणतात, “थांब, मावशीला सांगते.” झोपत नसले की म्हणतात, “मावशी येईल हं, छडी घेऊन.” आईवडिलांना स्वतः गोड राहायचे असते, पण धाक तर हवा असतो. तो माझ्या नावावर टाकला की दोन्ही साधते. अशा रीतीने मी रोज रात्री गावभर हिंडून धपाटे घालत होते आणि माझा मलाच पत्ता नव्हता. बागुलबुवासुद्धा माझ्यापेक्षा सुखी म्हणायचा. त्याच्याकडे निदान सकाळी तीच मुले कुणी सांभाळायला आणून सोडत नाही. माझ्याकडे नवीन आलेले मूल, मी फळीवरचा डबा काढायला हात वर केला तरी मान खाली घालते. ती मान वर यायला कितीतरी दिवस जातात. मी दिवसा भीती काढायची आणि घरच्यांनी रात्री ती परत भरायची, असे आमचे चालले होते. तरी मी कधी तक्रार केली नाही, कारण मला वाटे, आईवडिलांना तरी खरे माहीत आहे.

३. छडीबाबत. ती मी विकत घेतलेली नाही. ढब्बूचे वडील शाळेत व्यायाम शिकवतात, त्यांनी ती भेट दिली. “मारू नका हो, नुसती भिंतीवर दिसू दे,” असे ते म्हणाले होते. मी ती ठेवून घेतली, कारण मुले खिडकीवरच्या छज्ज्यावर चेंडू टाकतात आणि माझा हात तिथवर पुरत नाही. छडी पुरली. कपाटाखाली गेलेले ठोकळेही तिनेच बाहेर येत. साहेबांनी ती ‘मारहाणीचे साधन’ म्हणून कागदात गुंडाळून नेली. तिच्या टोकाला लाल डाग पाहून त्यांचा चेहरा उतरला होता, म्हणून लिहिते, तो रंग चेंडूचा आहे. ज्यांनी छडी दिली त्या व्यायाम शिक्षकांनी तक्रारीखाली साक्षीदार म्हणून सही केली आहे आणि ‘पाळणाघरात छडी असल्याचे मी स्वतः पाहिले’ असे लिहिले आहे. पाहिले हे खरेच आहे. सध्या छज्ज्यावर चेंडू अडकून पडले आहेत.

४. हे लिहावे की नाही असे वाटत होते, पण खुलासा पूर्ण असावा म्हणून लिहिते. पंचनाम्यावर माझी सही घेत असताना निरीक्षक साहेबांना घरून फोन आला. त्यांचा मुलगा जेवत नव्हता. साहेब दाराशी जाऊन हळू आवाजात म्हणाले, “जेवतोस का त्या मारक्या मावशीला आणू? तिच्याच घरी आहे मी.” पलीकडे बहुधा तो जेवला, कारण साहेब हसत परत आले. म्हणजे ज्या मुलाला मी पाहिलेलेही नाही त्यालाही मी मारून झाले. त्यासाठी निराळी नोटीस काढणार असाल तर तीही याच अर्जासोबत निकाली काढावी.

५. नोटिशीच्या मागे छापील प्रश्न आहे : ‘शिस्तीसाठी शारीरिक शिक्षा कोणत्याही प्रसंगी योग्य आहे असे आपणांस वाटते काय?’ उत्तरासाठी अर्धी ओळ सोडली आहे. अर्ध्या ओळीत ‘नाही’ एवढेच मावते, आणि तेच माझे उत्तर आहे. परंतु ‘नाही’ म्हणणे सोपे आहे असे मी म्हणणार नाही. माझ्याकडे एक चावरा मुलगा होता. त्याने एकदा माझ्या मनगटाला असा चावा घेतला की माझाही हात शिवशिवला. मी तो हात बादलीत घातला, ओली चादर पिळायला घेतली आणि दुसरे टोक त्याच्या हातात दिले. दोघांनी मिळून पिळली. चादर कोरडी होईतो मी का चिडले होते तेही विसरले. पण यात अर्धी दुपार गेली. मारायला क्षणही लागत नाही, म्हणून घाईच्या घरात मार चालतो. त्यांना वेळ नसतो आणि माझ्याकडे तेवढाच असतो, म्हणून तर ते मुले माझ्याकडे ठेवतात. एक आजोबा मला नेहमी म्हणत, “आम्ही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?” त्यांचे वडील जाऊन जमाना झाला, तरी त्यांचा विषय निघाला की आजोबांचा आवाज आजही खाली येतो. मी त्यांना ते बोलून दाखवले नाही. वय झालेल्या माणसाला कशाला दुखवायचे?

६. आता मूळ मुद्दा. तो मी लिहिणार नव्हते.

ज्या मुलीच्या गालावर बोटे उमटली तिला आम्ही पिटुकली म्हणतो. तिची आई, म्हणजे तक्रारदार बाई, औषधांच्या कारखान्यात पाळीवर काम करते. बस चुकली की पाळी बुडते. त्या सकाळी ती पिटुकलीला कडेवर घेऊन धावतच आली. पोरीच्या एका पायात बूट होता, दुसरा आईच्या हातात, आणि गाल लालभडक. आई दारातच रडायला लागली. “मावशी, बूटच घालेना. बस निघून जात होती. हात उठला माझा. कुणाला सांगू नका,” असे ती म्हणाली. मी तिला बस गाठायला पिटाळले, पोरीला मांडीवर घेतले, गाल ओल्या फडक्याने पुसत राहिले आणि तिच्या हातात तिचा कापडी ससा दिला. कुणाला सांगितले नाही. पोटात घातले.

संध्याकाळी दोघे नवराबायको तिला न्यायला आले. वडिलांनी दिव्याखाली गाल पाहिला आणि हे काय म्हणून विचारले. मी उत्तर द्यायच्या आधी आई म्हणाली, “सकाळी तर नव्हतं.” महोदय, एवढेच. तीन शब्द. नवरा माझ्यावर ओरडायला लागला तेव्हा मी तिच्याकडे पाहिले, की आता बोलेल, निदान रडेल तरी. ती खाली बसून पिटुकलीच्या बुटाचा बंद बांधायला लागली. बंद बांधलेलाच होता. तिने तो सोडला आणि परत बांधला. दुसऱ्या दिवशी तिने तक्रारीवर सही केली.

दुसऱ्या कुणी असे केले असते तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण ही तक्रारदार माझी चिमणी आहे. ती स्वतः याच दोन खोल्यांत वाढली, याच खिडकीखाली झोपली. तिचीही आई तिला माझ्या नावाने भिववत असे, त्यामुळे पहिले काही आठवडे ती दाराच्या चौकटीला धरून उभी राही. मग एका संध्याकाळी तिची आई न्यायला आली तेव्हा चिमणी माझ्या कमरेला मिठी मारून भर दारात तिला म्हणाली, “तू खोटं सांगतेस. मावशी मारत नाही.” आई ओशाळली, मी हसून हसून बेजार झाले. या कामात मला काय मिळाले असे कुणी विचारले की मी हे वाक्य सांगत आले. आणि तिनेच माझा केसाने गळा कापला.

७. नोटिशीनंतर मला पिटुकली एकदाच दिसली. औषधाच्या दुकानासमोर आईचे बोट धरून उभी होती. माझ्याकडे असताना ती माझे बोट मुठीत घेतल्याशिवाय झोपत नसे. तिने मला पाहिले आणि दुसऱ्या हाताने गाल झाकला. जो गाल मी सकाळभर पुसला तोच तिने माझ्यापासून झाकला. तिला घरी काय सांगितले असेल ते मला कळले. तिच्या आईनेही ते पाहिले आणि ती दुकानात शिरली. मी तिथून घरापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही.

सबब माझ्या विनंत्या अशा :

परवाना परत द्यायचा की नाही ते आपण नियमाप्रमाणे ठरवावे. त्यासाठी मी जिने चढणार नाही. छडी परत द्यावी. नोंद खोडावी, आणि रात्री जेवताना मारणाऱ्या ज्या कोण असतील त्यांचा शोध घरोघर घ्यावा.

चिमणीवर कारवाई करू नये. तिचा हात एकदा उठला आणि ती त्यासाठी रडली. कृपया तिला कायद्याची छडी दाखवून सुधारू नये, त्याने कुणी सुधारत नाही हे वर लिहिलेच आहे. मात्र मी तिला माफ केलेले नाही, हेही नमूद करते. चापटीबद्दल नाही. त्या बुटाच्या बंदाबद्दल.

तिला आपल्या कार्यालयात किंवा तिच्या घरात, जिथे ती म्हणेल तिथे, पिटुकलीला समोर बसवून एकच वाक्य म्हणायला सांगावे : “मावशी मारत नाही.” ते तिला शिकवावे लागणार नाही. ती पिटुकलीएवढी होती तेव्हा तिला ते येत होते.

एवढे झाले तर मी आपला आणखी वेळ घेणार नाही.

आपली नम्र,
(सही)
मावशी
दिनांक : खुलाशाच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत :
१. दारावरून सोलून काढलेली नोटीस (एक कोपरा दारालाच राहिला).
२. कापडी ससा, एक. हा पिटुकलीचा असून माझ्याकडे राहिला आहे. त्याचा डावा कान चोखल्याशिवाय तिला झोप येत नाही. मला तिच्या घरी जाता येत नाही, म्हणून आपल्या शिपायामार्फत पोहोचवावा. कार्यालयात कुणी तो धुऊ नये. धुतला की ती ओळखत नाही.