एका हिरवळीवर दोन खळगे

प्रिय भांडकुदळ,

तुझं पत्र पोचलं. 'बाबांना सांगितलंस का?' हे तू सुरुवातीला, शेवटी आणि समासातसुद्धा विचारलं आहेस. नाही सांगितलं. बारावी अर्धवट सोडलेल्या माळ्याने आपल्याच साहेबाला 'मला तुमचा जावई करून घ्या' असं कोणत्या वेळी म्हणावं? ते सकाळी हिशेबात असतात, दुपारी रागात आणि संध्याकाळी थकलेले. मी तिन्ही वेळा त्यांच्या दारापर्यंत जातो आणि गवताबद्दल काहीतरी विचारून परत येतो. मला गवतातलं काहीच कळत नाही, असा त्यांचा आता समज झाला आहे.

तुला ते फोनवर 'सगळं ठीक' एवढंच सांगतात. खरं काय ते तुझ्या आईने मला सांगितलं. ज्या माणसाच्या सहीवर कारखाने उभे राहायचे आणि आडवेही व्हायचे, त्याने निवृत्त झाल्यावर फ्रीजमधल्या भाज्या वयानुसार लावल्या आणि दूध उतू का गेलं याचा लेखी खुलासा मागितला. त्या म्हणाल्या, "अहो, नोकरी शोधा, नाहीतर मी शोधते." त्यांनीच शोधली. म्हणून कंपन्या गिळलेले तुझे बाबा आज गोल्फ क्लबचे व्यवस्थापक आहेत, आणि कुणाचं बुटांचं कपाट खिडकीजवळ असावं यावर दिवसभर तडजोडी घडवतात. आल्या आल्या त्यांनी हिरवळीवर गांडुळांनी काढलेले मातीचे ढीग पाहिले आणि गंभीरपणे विचारलं, "यांच्याशी बोलणी कोण करतं?" मी घाबरून 'मीच' म्हणालो. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर फार विश्वास आहे.

आता रविवारचं ऐक. तुला खेळातलं कळत नाही म्हणून सविस्तर लिहितो. चेंडू ज्या खळग्यात घालायचा, तो आम्ही रोज सकाळी नव्या जागी पाडतो, म्हणजे एकाच जागचं गवत तुडवलं जात नाही. नव्या खळग्यातून निघालेला मातीचा गड्डा जुन्यात बसवायचा आणि झेंडा नव्यात रोवायचा. वार्षिक सामन्याच्या दिवशी तुझे बाबा म्हणाले, "आज मी करतो. ज्याचा कारभार बघायचा, ते हाताने यायला हवं." त्यांनी खळगा सुरेख पाडला, त्यात झेंडाही रोवला. गड्डा हातात असतानाच पार्किंगच्या भांडणाचा फोन आला आणि ते गड्ड्यासकट तिकडे धावले.

थोड्याच वेळात सामना सुरू झाला आणि क्लबच्या अध्यक्षांनी लांबून चेंडू मारला. तो झेंड्याशेजारून घरंगळत जाऊन दिसेनासा झाला. एरवी काठी टेकत चालणारे अध्यक्ष चक्क नाचले. झेंड्यापाशी येऊन त्यांनी खळग्यात हात घातला, तर तो रिकामा! चेंडू पलीकडच्या जुन्या खळग्यात आरामात बसला होता. "माळी कुठाय? आजच्या आज काढा त्याला!"

मी पुढे झालो आणि म्हणालो, "चुकलं, साहेब." चारचौघांत तुझ्या बाबांची शोभा झालेली मला बघवली नसती. एवढ्यात तेच धापा टाकत आले. हातात तो गड्डा, शर्टभर माती. "थांबा! खळगा बुजवायचा मी विसरलो. त्याचा काही संबंध नाही."

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही? अहो, तुम्ही एवढे मोठमोठे व्यवहार केलेत!"

"केले ना. तिथे खड्डे दुसरे बुजवायचे."

हसावं की चिडावं हे अध्यक्षांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी चहा मागवला. माझी नोकरी वाचली.

आता हे पत्र कशासाठी, ते. काल त्यांनी मला आत बोलावून दार लावलं. "माझ्या मुलीचं कुठेतरी जुळलंय म्हणे. तिची आई नुसती गालात हसते. मला त्या मुलाची चौकशी करून हवी आहे. घर, शिक्षण, स्वभाव, सगळं खरंखरं लिहून आण. तुझ्याइतकं चोख काम दुसरं कुणी करणार नाही." मी कसाबसा दारापर्यंत पोचलो. तेव्हा मान वर न करता ते म्हणाले, "स्वभावाखाली एक मी सांगतो ते घाल. दुसऱ्याची चूक मुकाट्याने अंगावर घेतो. आता हा गुण की खोड, ते माझ्या मुलीलाच विचार." म्हणून विचारतो आहे. उत्तर लिहून पाठवू नकोस, स्वतः ये, आणि लवकर ये. अहवाल येत्या रविवारी द्यायचा आहे आणि शिक्षणाखाली मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.

तुझाच,
गांडुळांशी बोलणी करणारा