अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

३ मार्च २०२५
कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या या ओतकाम कारखान्याचा रिले खोटे बोलतो, हे सिद्ध करणे एवढाच या नोंदींचा हेतू. जमिनीत वीज गळू लागली, की ब्रेकर पाडून पुरवठा तोडणे हे त्याचे काम. इथे तो गळती नसताना रोज दुपारी पुरवठा तोडतो. निवृत्तीनंतर इतकी नेटकी समस्या हाती आली, याचा आनंद आहे. ऑपरेटर कल्लाप्पाने स्वागत केले : पावणं, आधी च्या घ्या, मग त्याला कोर्टात उभं करा.

५ मार्च
कृत्रिम प्रवाह सोडून चाचण्या घेतल्या. रिले निर्दोष, जोडण्याही निर्दोष. एक योगायोग मात्र आढळला. माती ओली राहावी म्हणून कल्लाप्पा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततो, नेमका तेव्हाच ब्रेकर पडतो. त्याला याचे नवल नाही. त्याच्या आधीचा ऑपरेटर धोंडीराम गेल्या उन्हाळ्यात तिथेच विजेने गेला. पाणी ओतताना धोंडीराम खालून हात धरतो आणि ब्रेकर पडला की सोडतो, असे कल्लाप्पाचे म्हणणे. दोस्ताचाच हात हाय, भ्यायचं कशाला, म्हणाला. मनगट दाखवले. काळे वळ होते. भाजल्याचे असावेत.

६ मार्च
दोन घटना एकत्र घडल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. रिलेचा हुकूम ब्रेकरकडे नेणारी ट्रिप लिंक उद्या काढून ठेवीन. रिलेचा दिवा लागेल, पण ब्रेकर पडणार नाही आणि कारखाना थांबणार नाही. कल्लाप्पा चिडला. ब्रेकर पडला न्हाय, तर धोंडीरामदादा हात सोडायचा कसा, हा त्याचा प्रश्न. मृताला हात नसतो, असे मी सांगितले. तो हसला नाही. नोकरीची आठवण दिल्यावर कबूल झाला.

७ मार्च
लिंक काढली. त्याने पाणी ओतले. दिवा लागला. नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून पाहिले — मातीतून बोटे. मनगटाभोवती. तो माझ्याकडे बघत, साहेब, पाडा की, पाडा, असे — मी बटणाकडे धावलो. ब्रेकर हाताने पाडला, पण तोवर —

८ मार्च
रिले खरे बोलत होता. चाचणीने ते आधीच सिद्ध केले होते. तरीही ट्रिप लिंक मी काढली. चूक ती एकच आणि ती माझी.
— भूपाल मगदूम

लिंक पुन्हा बसवली आहे. हात लावून तपासली. खड्डा कोरडा पडला. खालून कल्लाप्पा म्हणतो, साहेब, पाणी घाला की.
जाणार नाही. खुर्चीतून उठलेलो नाही.
पाणी कोणी घातले नाही. दिवा लागला.
लिंक असूनही ब्रेकर पडत नाही. बटण समोर आहे, पण लिहिता हात —