काथ्याची चटई

रेवदंडा, मंगळवार, दिवेलागण

श्रीलंकेहून आल्यापासून सगळे हॉटेलचंच विचारतात. हॉटेल छानच होतं. लेकाने हौसेने परदेश दाखवला, ते कसं विसरेन? पण मनातून जात नाही ती काथ्याची चटई.

तिथल्या किनाऱ्यावर चटयांवर तारल्या वाळत होत्या. एका बाजूने कडक झालेल्या, उलटायला आलेल्या. मी वाकले आणि उलटायला लागलेसुद्धा. सुनेला, प्राचीला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, नका ना. दुसऱ्यांची मासळी आहे."

खरंच होतं तिचं. आमच्या वाळत्या मासळीला परक्याने हात लावला, तर मीच अंगावर धावते.

तेवढ्यात मालकीण आली. आता ऐकावं लागणार, म्हणून मी हात आवरला. तिने माझे हात पाहिले, चटईच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तीही उलटायला लागली. बोलणार काय, कुठल्या भाषेत? चटई संपेपर्यंत दोघींचे हात चालत राहिले. पाहुणी म्हणून नुसतं बसून अंग आंबलं होतं, तिथे जीव थाऱ्यावर आला. तिचं नावही विचारलं नाही मी.

आज काठीवर बोंबील घालत होते. फिरायला आलेल्या एका बाईने मध्येच बोंबलाला बोट लावलं.

"काकू, हे कसं अडकवता?"

"हात काढ आधी," ओठांवर आलं होतं. पण चटई आठवली. दोन बोंबील तिच्या हातात दिले, जबड्यात जबडा कसा अडकवायचा ते दाखवलं. तिची जोडी सुटून वाळूत पडली.

धुतली, आणि पुन्हा तिच्याच हातात दिली.